माउसकडून स्टिककडे: संगणकावरचा संघांचा शूटर कन्सोलवर कसा न्यावा

ऑक्टोबर २००७ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा टीम फोर्ट्रेस २ हा शूटर, म्हणजे संघ करून गोळीबाराने लढण्याचा खेळ, संगणकावर आणि एक्सबॉक्स ३६० वर एकाच वेळी आला आणि डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ वरही पोहोचला. पुढच्या वर्षांत संगणकावरच्या खेळाला नवे नकाशे मिळाले, नवी हत्यारे मिळाली, पात्रांना घालायच्या टोप्यांचा प्रसिद्ध बाजार मिळाला आणि जून २०११ मध्ये तो मोफतही झाला. कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या या खेळयंत्रांवरचा, खेळ मात्र जवळजवळ २००७ सालातच थांबून राहिला. पाच वर्षांनी, २१ ऑगस्ट २०१२ रोजी, काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह संगणकासोबत दोन्ही कन्सोलवर आला आणि त्याचीही तीच गत झाली. ऑगस्ट २०१३ मध्ये संगणकावर रंगवलेल्या बंदुकांचे युग सुरू झाले, ते कन्सोलपर्यंत कधी आलेच नाही. कन्सोलवर नेलेले हे दोन्ही खेळ, म्हणजे पोर्ट, खेळण्याजोगे होते. त्यांचा अंत झाला तो नंतरच्या अपडेटअभावी.

म्हणून या लेखात पोर्ट हा शब्द मी ‘दुसऱ्या यंत्रावर चालवून दाखवणे’ या अर्थाने वापरणार नाही. एक खेळ सांभाळणारी मंडळी उद्यापासून दोन खेळ सांभाळणार आहेत, असे मानून कामाची आखणी केली, तर खालच्या बहुतेक निर्णयांची उत्तरे आपोआप मिळतात. उदाहरणादाखल मुख्यतः रायट गेम्सचा व्हॅलोरंट घेतला आहे, कारण त्याच्या पोर्टमध्ये कठीण प्रश्न टाळलेले दिसत नाहीत. पाच विरुद्ध पाच असा हा खेळ २ जून २०२० रोजी संगणकावर आला आणि २ ऑगस्ट २०२४ रोजी प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांवर. मधली चार वर्षे यंत्राच्या ताकदीसाठी लागली असे म्हणता येत नाही, कारण हा खेळ इंटेल एचडी ४००० सारख्या जुन्या अंगभूत ग्राफिक्सवरही सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे) देईल अशा बेताने बांधलेला होता. अडचण होती ती खेळणाऱ्याच्या हातात काय आहे याची.

पहिली पायरी: काय बदलणार नाही ते लिहून काढा

कोडला हात लावण्याआधी एक पानभर मजकूर तयार करावा. त्यात खेळाचा गाभा कोणता, म्हणजे कशाला धक्का लागला तर तो खेळ आपला राहणार नाही, हे स्पष्ट वाक्यांत लिहावे. व्हॅलोरंटच्या बाबतीत हा गाभा सहज सांगता येतो. नेम अचूक असलेल्याला बक्षीस मिळाले पाहिजे, पळत गोळ्या झाडणाऱ्याला मिळता कामा नये, पूर्ण चिलखत घातलेल्या, १५० इतका मारा सोसणाऱ्या खेळाडूला व्हँडल रायफलची डोक्यात लागलेली एक गोळी कितीही अंतरावरून पाडते (तिचा मारा १६० आहे), आणि तेरा राउंड जिंकणारा संघ सामना जिंकतो. यातले काहीही कन्सोलसाठी मवाळ केले तर नाव तेच राहील, खेळ वेगळा होईल.

या पानाचा दुसरा अर्धा भाग अधिक उपयोगी पडतो, कारण त्यात ‘काय बदलायला आपली हरकत नाही’ हे लिहायचे असते. वळण्याचा वेग, मेनूची मांडणी, बटणांची वाटणी, पात्रांच्या खास शक्ती वापरण्याच्या पायऱ्यांची संख्या, एखाद्या हत्याराचा फैलाव (गोळ्या नेमापासून किती विखुरतात ते), अशा गोष्टी इथे येतात. हे पान संघातल्या प्रत्येकाच्या हाती द्यावे. सहा महिन्यांनी रात्री दहा वाजता बैठकीत वाद होतो, तेव्हा ते पान काढून दाखवण्यासारखे दुसरे काही नसते.

दुसरी पायरी: परवाने, किट आणि खाती

हे काम रटाळ आहे आणि लवकर सुरू करावे लागते. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिघांकडेही विकसक म्हणून नोंदणी करावी लागते, गोपनीयतेचा करार करावा लागतो आणि त्यानंतरच विकसनाचे खास यंत्र, म्हणजे डेव्ह-किट, मिळते. स्वतंत्र स्टुडिओंसाठी मायक्रोसॉफ्टचा आयडी ॲट एक्सबॉक्स हा कार्यक्रम आहे. भारतातल्या निवडक स्टुडिओंसाठी सोनीने २०२३ मध्ये इंडिया हीरो प्रोजेक्ट जाहीर केला. पुण्यात तर युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, त्यामुळे कन्सोलचे काम केलेली अनुभवी माणसे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

याच काळात खात्यांचा प्रश्न सोडवावा. खेळाडूचे तुमच्याकडे एक खाते असते आणि कन्सोलवर त्याच्या कंपनीचे दुसरे. ही दोन्ही जोडताना कोणाची मैत्री-यादी चालणार, एकाने ब्लॉक केलेला माणूस दुसरीकडेही ब्लॉक राहणार का, पालकांनी घातलेली बंधने कुठून वाचायची, हे सर्व आधी ठरले पाहिजे. व्हॅलोरंटने एकच रायट खाते दोन्हीकडे चालवले, त्यामुळे संगणकावर घेतलेले सामान कन्सोलवरही दिसते. खेळाडूंच्या मनातल्या विश्वासाच्या दृष्टीने हा निर्णय फार मोठा आहे. पैसे देऊन घेतलेली बंदूक दुसऱ्या यंत्रावर पुन्हा विकत घ्यायला सांगितले तर खेळाडू ते कधी विसरत नाही.

तिसरी पायरी: फ्रेम बसवा, आणि सर्वांत लहान यंत्रावर बसवा

प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्स या दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे. सिरीज एसमध्ये १० जीबी, आणि त्यातलीही ८ जीबीच वेगवान आहे. मायक्रोसॉफ्टच्या धोरणानुसार सिरीज एक्सवरचा खेळ सिरीज एसवरही चालला पाहिजे, त्यामुळे तुमचा खरा पाया हे धाकटे भावंडच आहे. रोजची चाचणी त्यावर करावी. मोठ्या यंत्रावर खेळ सुरेख दिसतो आणि शेवटच्या महिन्यात धाकट्यावर कोसळतो, हा प्रकार इतका सर्रास घडतो की तो टाळण्यासाठी मी मोठे यंत्र पहिले काही आठवडे कपाटात ठेवायला सांगतो.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात आणि १२० हव्या असतील तर ८.३३. संगणकावर फ्रेम कमी झाल्या की खेळाडू स्वतः सेटिंग उतरवतो. कन्सोलवर ती जबाबदारी पूर्णपणे तुमची असते. म्हणून सरासरीचा आकडा बाजूला ठेवून सर्वांत वाईट प्रसंग मोजावा: दहाही खेळाडू एकाच जागी, चार धुराचे ढग, दोन आगी आणि स्फोट. तिथे फ्रेम टिकली तर सगळीकडे टिकेल.

एक सवलत मात्र कन्सोल देते. यंत्र ठरलेले असल्यामुळे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच तयार करून पाठवता येतात आणि संगणकावर पहिल्या सामन्यात जाणवणारे ते बारीक अडखळणे टळते. ही सवलत पुरेपूर घ्यावी.

चित्राची प्रत उतरवताना एक नियम मोडू नये, तो म्हणजे ज्या गोष्टीमुळे समोरचा दिसतो किंवा दिसत नाही ती गोष्ट सर्व यंत्रांवर अगदी सारखी असली पाहिजे. सिरीज एसवर धूर थोडा विरळ केला तर तिथल्या खेळाडूला फुकटची नजर मिळाली. गवत, सावल्या, धूर, पारदर्शक काच यांना हात लावायचा नाही. कापायचेच असेल तर दूरच्या इमारतींची नक्षी कापावी. चित्राचे रिझोल्युशन आपोआप कमी-जास्त करणारी सोय वापरत असाल तर तिला खालची मर्यादा घालावी, नाहीतर ऐन चकमकीत, म्हणजे नेमके गरज असते तेव्हाच, लांबचे डोके पुसट होते.

चौथी पायरी: कंट्रोलर

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. मी तर म्हणेन की एकूण वेळापत्रकाचा तिसरा हिस्सा द्यावा.

माउस आणि स्टिक (कंट्रोलरवरची अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी) यांत मूळ फरक असा की माउस जागा सांगतो आणि स्टिक वेग सांगते. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय (माउस इंचाला मोजतो ते ठिपके) आणि ०.४ संवेदनशीलता ठेवली तर पूर्ण गोल वळायला माउस सुमारे ४१ सेंटीमीटर सरकवावा लागतो. म्हणजे मागे वळायला साधारण वीतभर. हात झपकन फिरला की नजर फिरली, आणि हात जिथे थांबला तिथेच नजर थांबली. स्टिकमध्ये असे होत नाही. अंगठा पूर्ण ढकलला की कॅमेरा ठरलेल्या वेगाने वळत राहतो आणि थांबवण्यासाठी अंगठा अचूक क्षणी मागे आणावा लागतो.

आता हाच प्रसंग जवळून पाहू. समजा, पूर्ण ढकललेल्या स्टिकचा वेग सेकंदाला २४० अंश ठेवला. मागे वळायला पाऊण सेकंद लागेल, आणि एका गोळीत संपणाऱ्या खेळात पाऊण सेकंद म्हणजे युग आहे. मग वेग आणखी वाढवावा का? सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर २४० अंशांच्या वेगाने कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये ४ अंश पुढे जातो. वीस मीटरवरचे वीस सेंटीमीटर रुंदीचे डोके डोळ्यासमोर साधारण ०.५७ अंश व्यापते. म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या उडीत सात डोकी मावतील. नेम डोक्यावरून गेला हे खेळाडूला दिसणारसुद्धा नाही. त्या डोक्यावर थांबता यायचे असेल तर शेवटच्या टप्प्यात वेग सेकंदाला ३४ अंशांच्या खाली हवा. वळण्यासाठी एक वेग लागतो आणि नेम धरण्यासाठी त्याच्या सातव्या हिश्श्याचा, आणि दोन्ही कामे एकाच अंगठ्याने करायची आहेत. कन्सोल-शूटरची बहुतेक सगळी कलाकुसर या एका विसंगतीतून जन्माला आली आहे.

यावर तीन उपाय आहेत आणि ते क्रमानेच करावेत.

सर्वांत आधी स्टिकचे कच्चे आकडे साफ करावेत. मधल्या भागात अंगठ्याचा थरकाप दुर्लक्षित करणारा डेड झोन लागतो, आणि तो वर्तुळाकार असावा. उभा आणि आडवा अक्ष वेगवेगळा तपासला तर मध्ये अधिकचिन्हाच्या आकाराचा मृत पट्टा तयार होतो आणि थोडेसे तिरके नेणे अशक्य होते. नेम सारखा सरळ रेषेला चिकटतो. डेड झोन संपल्यावर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू करावा. ते विसरले तर स्टिक थोडी सरकताच कॅमेरा एकदम झटका देतो. त्यानंतर रिस्पॉन्स कर्व्ह, म्हणजे स्टिक किती ढकलली तर किती वेग हे ठरवणारी वक्ररेषा, येतो. स्टिकच्या ढकलण्याचा वर्ग केला तर अर्ध्या ढकलण्याला पाव वेग मिळतो आणि मध्याजवळ बारीक हालचालीला जागा मिळते. अगदी कडेला मात्र वळण्यासाठी जादा वेग देता येतो. हे सर्व आकडे खेळाडूला बदलता आले पाहिजेत, कारण दोन वर्षे वापरलेल्या कंट्रोलरची स्टिक नव्याइतकी घट्ट राहत नाही आणि तिला मोठा डेड झोन लागतो.

दुसरा उपाय खेळाच्या नियमांत आहे, आणि व्हॅलोरंटने इथे धाडस दाखवले. कन्सोलसाठी फोकस नावाची नवी अवस्था खेळात घातली. साध्या अवस्थेत नजर झटपट वळते, पण गोळीबार ढिला असतो. फोकसमध्ये गेले की वळण्याचा वेग उतरतो आणि गोळी नेमकी जाते. वर मांडलेली विसंगती इथे खेळाडूच्या हातातल्या निवडीत उतरली: आता वळायचे आहे की मारायचे आहे, हे त्याने ठरवायचे. संगणकावर ज्या हत्यारांना अशा अवस्थेची गरज नव्हती, त्यांच्या प्रत्येकाच्या फैलावाचा यासाठी नव्याने विचार करावा लागतो. काम मोठे आहे, पण अचूक नेमाचा सन्मान करणाऱ्या खेळाला हा मार्ग शोभतो.

तिसरा उपाय म्हणजे एम-असिस्ट, नेम धरायला खेळाने केलेली मदत. याचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. एकात लक्ष्यावरून जाताना कॅमेरा मंदावतो, दुसऱ्यात लक्ष्य सरकले की कॅमेरा त्याच्यामागे आपण होऊन थोडा वळतो. पहिला अंगठ्याला ब्रेक देतो. दुसरा खेळाडूचे काम स्वतः करू लागतो. ज्या खेळात एक गोळी पुरते तिथे दुसरा प्रकार फार बेताने वापरावा किंवा वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि एम-असिस्ट धुरापलीकडच्या शत्रूवर कधीही चालू होता कामा नये. ही चूक हास्यास्पद वाटेल, पण ती होते: कॅमेरा मंदावला म्हणजे धुरात कोणीतरी आहे, हे खेळाडू दोन दिवसांत शिकतात.

शेवटी बटणांची मोजदाद. गोळीबार, दुसरा गोळीबार, चार शक्ती, उडी, बसणे, दबक्या पावलाने चालणे, गोळ्या भरणे, हत्यार बदलणे, चाकू, स्पाइक (खेळातला बॉम्ब) लावणे वा निकामी करणे, खरेदी, नकाशा, गुणफलक, खुणेचा संकेत, बोलण्याचे बटण. ही यादी कंट्रोलरवरच्या बटणांपेक्षा लांब होते. चकमकीत लागणाऱ्या गोष्टी अशा ठिकाणी ठेवाव्यात की उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागणार नाही. खरेदी आणि गुणफलक यांना लांबचे बटण दिले तरी बिघडत नाही. एकाच बटणाला ‘दाबणे’ आणि ‘दाबून धरणे’ असे दोन अर्थ दिले तर दाबण्याचा परिणाम बोट उचलेपर्यंत लांबतो, म्हणून तातडीच्या क्रियेवर असा दुहेरी भार कधीही टाकू नये.

पाचवी पायरी: टेबलापासून सोफ्यापर्यंत

चोवीस इंची पडद्यासमोर खेळाडू साठ सेंटीमीटरवर बसतो. पंचावन्न इंची टीव्हीसमोर तो सहज पावणेतीन मीटरवर असतो. हिशेब केला तर टीव्ही मोठा असूनही डोळ्याला सर्व काही जवळपास निम्म्या आकाराचे दिसते, आणि त्यात शत्रूचे डोकेही आले. अक्षरे, नकाशा, गोळ्यांचा आकडा, नेमाची खूण हे सर्व वाढवावे लागते आणि पडद्याच्या कडांपासून थोडे आत घ्यावे लागते, कारण काही टीव्ही कडा कापतात. आम्ही एकदा सगळा मेनू कार्यालयातल्या टेबलावरच्या पडद्यावर तपासून पाठवला होता. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याच्या घरच्या दिवाणखान्यात राउंडचा उरलेला वेळ वाचण्यासाठी आम्ही तिघे मोठी माणसे टीव्हीसमोर सतरंजीवर सरकत सरकत पुढे गेलो. तेव्हापासून चाचणीच्या खोलीत जमिनीवर चिकटपट्टी लावून तीन मीटरची रेघ आखलेली असते.

मेनू संगणकावरून जसाच्या तसा आणून स्टिकने हलणारा बाण देऊ नये. काउंटर-स्ट्राइकने खरेदीसाठी चक्राकार मेनू वापरला, तो स्टिकच्या दिशांना नेमका जुळणारा होता आणि संगणकावरही २०२३ मधल्या काउंटर-स्ट्राइक २ पर्यंत टिकला. खरेदीला वेळ मोजून मिळतो. रायफल आणि चिलखत घ्यायला किती दाब लागतात ते मोजा आणि नेहमीची खरेदी एका दाबात होईल अशी सोय द्या.

टीव्ही स्वतःही उशीर घालतो. टीव्हीला आपोआप गेम मोडमध्ये, म्हणजे हा उशीर कमी करणाऱ्या सेटिंगमध्ये, नेणारी सोय यंत्रांत आहे, तिचा उपयोग करावा. तरीही जुन्या टीव्हीवर खेळणारे असणारच, म्हणून सेटिंगच्या पहिल्याच पानावर गेम मोडची सूचना द्यावी.

सहावी पायरी: संघाने बोलायचे कसे

संघाचा शूटर निम्मा बोलण्यावर चालतो. संगणकावर ज्याला बोलायचे नसते तो टंकतो. कन्सोलवर पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर निवडत ‘बी वर तिघे’ (बी या जागेवर तीन शत्रू) लिहीपर्यंत ते तिघे येऊन गेलेले असतात. म्हणून खुणांची सोय संगणकापेक्षा अधिक समृद्ध करावी: नकाशावर बोट ठेवल्यासारखी खूण, ‘इथे शत्रू’, ‘मदत हवी’, ‘मी इथे थांबतो’, असे ठरलेले संकेत, आणि ते खेळाडूच्या भाषेत उमटणारे. व्हॅलोरंटचा लोटस हा नकाशा कथेप्रमाणे आपल्या पश्चिम घाटात आहे आणि त्यात स्पाइक लावण्याच्या दोनऐवजी तीन जागा आहेत; अशा नकाशावर एका संकेताला उशीर झाला तरी संघ चुकीच्या टोकाला धावतो. प्रत्येक नकाशा मायक्रोफोन बंद ठेवून खेळून पाहिला, तर संकेतांतल्या उणिवा तासाभरात कळतात.

अमेरिकेत खेळ आणणार असाल तर तिथल्या कायद्यानुसार खेळातले संभाषण अपंग व्यक्तींनाही वापरता आले पाहिजे. खेळांना असलेली सूट २०१८ च्या अखेरीस संपली. बोललेले अक्षरांत आणि लिहिलेले आवाजात उतरवण्याची सोय सुरुवातीपासून धरावी, शेवटी चिकटवायला गेल्यास ती महाग पडते.

सातवी पायरी: कोण कोणाशी खेळणार

माउसवाला आणि स्टिकवाला एकाच मैदानात उतरवायचे का? ओव्हरवॉच या दुसऱ्या संघ-शूटरने जून २०२१ मध्ये मर्यादित प्रमाणात हो म्हटले: संगणकावरच्या मित्रांसोबत खेळणाऱ्या कन्सोल-खेळाडूला संगणकवाल्यांच्या गटात टाकले, त्याचा एम-असिस्ट काढला आणि स्पर्धात्मक सामन्यांत दोघांना वेगळेच ठेवले. व्हॅलोरंटने सरळ नाही म्हटले. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाले एकमेकांशी खेळतात, संगणकवाले वेगळे. अचूक नेमाच्या खेळाला मला हेच उत्तर योग्य वाटते. शिवाय यामुळे कन्सोलवरचे आकडे संगणकाला न दुखवता बदलता येतात, आणि हा फायदा सुरुवातीला लक्षात येत नाही.

मात्र दोन्ही कन्सोल एकत्र ठेवणे सक्तीचे समजावे. उदाहरणादाखल हिशेब पाहा. एखाद्या प्रदेशात रात्री दोन हजार खेळाडू आहेत असे धरू. बहुतेक सामन्यांत गुंतलेले असतील, दोनशे पुढच्या सामन्याच्या रांगेत असतील. खेळाचे चार प्रकार असतील तर प्रत्येकात पन्नास, आणि त्यांना नऊ पातळ्यांत वाटले तर एका पातळीवर पाच-सहा जण उरतात. सामन्याला दहा लागतात. हेच खेळाडू पुन्हा दोन यंत्रांत विभागले तर रांग कधीच हलणार नाही. म्हणून सुरुवातीला प्रकार कमी ठेवावेत आणि लोक वाढतील तसे उघडावेत.

फसवणुकीचे स्वरूपही इथे बदलते. संगणकावर व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड हे संरक्षण ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसते. बंदिस्त कन्सोलवर तशी गरज पडत नाही. तिथे फसवणूक हातातून होते. बाजारात मिळणारी छोटी यंत्रे माउसला कंट्रोलर म्हणून भासवतात आणि वर एम-असिस्टचा लाभ घेतात. रेनबो सिक्स सीज या शूटरने २०२३ मध्ये अशा खेळाडूंसाठी माउसट्रॅप आणला: पकडलेल्याला लगेच हाकलण्याऐवजी त्याच्या हालचालीत उशीर घालायचा, म्हणजे यंत्राचा फायदाच संपतो. तुमच्या खेळात असे काही करायचे असेल तर स्टिकच्या हालचालींची नोंद सर्व्हरवर पहिल्या दिवसापासून जमवा. खऱ्या अंगठ्याला कडेपासून मध्यापर्यंत परत यायला वेळ लागतो, माउसवरून आलेले आकडे उड्या मारतात. पण हा फरक शिकण्यासाठी प्रामाणिक खेळाडूंचा पुरेसा नमुना हाताशी लागतो.

आठवी पायरी: यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नियम

सोनीची तांत्रिक अटींची सूची, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स रिक्वायरमेंट्स आणि निन्टेंडोचे लॉटचेक हे तीन वेगवेगळे परीक्षक आहेत. तपशिलात जात नाही, पण बहुतेक नापास होण्यामागे तीनच प्रसंग असतात: सामना चालू असताना कंट्रोलरची बॅटरी संपणे, यंत्र झोपवून दोन तासांनी उठवणे, आणि मधेच खाते बदलणे. संगणकावरून आलेल्या खेळाने यांतल्या एकाचाही विचार केलेला नसतो. झोपेतून उठलेला खेळ समजतो की आपण अजून सामन्यात आहोत. सर्व्हरने त्याला केव्हाच काढून टाकलेले असते. आमचा एक बिल्ड (तपासणीला पाठवलेली आवृत्ती) यासाठीच परत आला होता, पडद्यावर ‘जोडत आहे’ हे शब्द अनंत काळ फिरत राहिले म्हणून. उपाय सोपा आहे: झोपेतून उठताच जुने सारे विसरून लॉगिनच्या पानावर यावे आणि सामना अजून चालू असेल तर परत शिरण्याचा पर्याय द्यावा.

नववी पायरी: एकाच दिवशी पॅच

सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही खेळांच्या कन्सोल आवृत्त्यांचे मरण या पायरीवर लिहिले गेले. काउंटर-स्ट्राइकमध्ये संगणक आणि प्लेस्टेशन ३ यांना एकत्र खेळवण्याचा बेत २०१२ मध्येच सोडून दिला गेला, कारण संगणकाला वारंवार पॅच (दुरुस्त्या आणि बदल) द्यायचे होते आणि कन्सोल त्या वेगाने येणार नव्हता. आज परवानगीचा मार्ग पूर्वीपेक्षा सोपा आहे, तरी तपासणीला वेळ लागतोच.

त्यामुळे खेळाचे दोन थर करावेत. बंदुकीचा मारा, शक्तीची किंमत, नकाशांची यादी, एखादी बिघडलेली शक्ती बंद करण्याचा खटका, हे सर्व सर्व्हरवरून बदलता आले पाहिजे; त्यासाठी नवा बिल्ड लागता कामा नये. नवे पात्र, नवा नकाशा, नवे चित्र यांसाठी बिल्ड लागतोच, आणि तो संगणकाच्या तारखेआधी पुरेसा वेळ हाती ठेवून गोठवावा. याचा अर्थ संगणकाचा संघही कन्सोलच्या तारखेनुसार काम गोठवणार. संगणकवाले सहकारी सुरुवातीला चिडतात. त्यांना टीम फोर्ट्रेसची गोष्ट सांगावी.

दहावी पायरी: थोड्यांसाठी उघडा, मग मोजा

व्हॅलोरंटची कन्सोल आवृत्ती जून २०२४ मध्ये जाहीर झाली आणि १४ जूनपासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोप आणि जपान इथे मर्यादित बीटा (चाचणी आवृत्ती) सुरू झाली. सर्वांसाठी ती दीड महिन्याने उघडली. या काळात काय मोजायचे ते आधी ठरवावे. नुसता ‘आवडले का’ असा प्रश्न फारसा कामाचा नाही. डोक्यात लागलेल्या गोळ्यांचे प्रमाण, चकमक सुरू झाल्यापासून पहिली गोळी लागेपर्यंतचा वेळ, प्रत्येक पात्राची निवड आणि विजय, खरेदीत वाया गेलेले सेकंद, रांगेतली प्रतीक्षा, हे आकडे पातळीनुसार वेगळे काढावेत. नवशिके आणि कसलेले यांची सरासरी एकत्र केली की दोघांचेही काही कळत नाही.

या आकड्यांत हटकून एक गोष्ट दिसेल: ज्या गोष्टीला नेम लागत नाही, ती कन्सोलवर बळावते. ओव्हरवॉच २०१६ मध्ये आला तेव्हा टॉर्बयॉर्न या पात्राची स्वतःहून गोळ्या झाडणारी तोफ संगणकावर कोणाला विशेष भारी वाटत नव्हती. कन्सोलवर मात्र ती सगळ्यांना नकोशी झाली, कारण तिच्याकडे वळून तिला फोडणे स्टिकला जड जात होते. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने फक्त कन्सोलवर तिचा मारा ३० टक्क्यांनी कमी केला. संगणकावर काहीच बदलले नाही.

असा बदल तुम्हाला करायचा असेल तेव्हा तो एका आकड्याचे काम असला पाहिजे. त्यासाठी हत्यारे आणि शक्ती यांच्या प्रत्येक तक्त्यात ‘यंत्र’ हा एक जादा स्तंभ अगदी पहिल्या आठवड्यातच घालून ठेवावा. सुरुवातीला त्यात दोन्हीकडे तेच आकडे भरलेले असतील आणि कोणीतरी विचारेल की हा स्तंभ कशाला हवा; तरीही तो काढू नये.